लिहिते होताना (११) : पलीकडचा माणूस

कथेचा शेवट या आठवड्यात घेईन असे कबूल केले होते. तो पुढे ढकलतो आहे, कारण साताऱ्याच्या एका वाचकाचे पत्र. बसथांब्यावरच्या दोघांचा संवाद लिहायचा, हा मागे दिलेला सराव त्यांनी मनापासून केला आणि घरी वाचून दाखवला. "बायको म्हणाली, दोघेही तुमच्यासारखेच बोलतात. आता काय करू?"

वहिनींचे निदान अचूक आहे. नव्याने लिहिणाऱ्याच्या संवादाचे दुखणे बहुतेक वेळा हेच असते. एकाने विचारायचे, दुसऱ्याने पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे, तोंडी परीक्षा चालल्यासारखे. पात्रे दोन, पण दोन्ही बाजूंनी लेखकच बोलतो. कार्यशाळेत मी यावर वर्षानुवर्षे एकच औषध देतो : दोघांपैकी एकाचे बोलणे कागदावर आणूच नका. थोडक्यात, नाट्यछटा लिहा.

नाट्यछटा म्हटले की आपल्याला शाळेचे स्नेहसंमेलन आठवते. आईची साडी गुंडाळून, पदर खोचून, हातवारे करत पाठ केलेले म्हणणारी पाचवीतली मुलगी. हा प्रकार आपण मुलांच्या स्पर्धांपुरता उरवला, याचे मला फार वाईट वाटते. शंकर काशीनाथ गर्गे म्हणजे दिवाकर हे पुण्यातले शाळामास्तर. १९११ साली त्यांनी नाट्यछटा लिहायला घेतली, ती मोठ्या माणसांच्या ढोंगावर आणि दुःखावर बोट ठेवण्यासाठी. १९३१ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. मागे पन्नासच्या आसपास नाट्यछटा राहिल्या.

त्यांना हे सुचले रॉबर्ट ब्राउनिंगच्या 'ड्रॅमॅटिक मोनोलॉग' या जातीच्या कवितांवरून. ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' १८४२ची. एक ड्यूक आलेल्या पाहुण्याला आपल्या दिवंगत पत्नीचे चित्र दाखवतो आहे. बोलतो तो एकटाच, पाहुण्याच्या तोंडी एक शब्द नाही. तरी वाचता वाचता उमगत जाते की तिचा अंत याच्याच हुकमाने झाला असावा. आणि पाहुणा आला आहे तो ड्यूकच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला! ब्राउनिंगने हे पद्यात साधले, दिवाकरांनी ते मराठी घरातल्या, रस्त्यावरच्या गद्यात आणले.

इथे एक घोटाळा दर वर्षी होतो, म्हणून सांगून ठेवतो. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटेच बावन्न पात्रे उभी करत. तो एकपात्री प्रयोग. नाट्यछटेत बोलणारा माणूस शेवटपर्यंत एकच राहतो. बाकीचे दिसतात ते त्याच्या थांबण्यातून, अडखळण्यातून, मध्येच बदललेल्या सुरातून. स्वगतात तर ऐकणाराच नसतो. नाट्यछटेत तो हवाच, अगदी समोर.

दिवाकरांच्या काळी नव्हती अशी एक सोय आज आपल्याकडे आहे. एसटीत बसा. पुढच्या बाकावरचा माणूस मोबाइलवर बोलत असतो आणि आपल्याला निम्मेच ऐकू येते. उरलेले निम्मे आपण जुळवत राहतो, आणि आपला थांबा येईपर्यंत ते बरेचसे जुळलेले असते. म्हणून सराव फोनचाच देतो.

एका वर्गात महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांचा पहिला खर्डा असा :

"हॅलो, बाळू? काय म्हणतोस, गणपतीला येणार नाहीस? रजा नाही मिळाली? आणि वहिनीला बरं नाही?"

याला आम्ही वर्गात 'पडसाद' म्हणतो. पलीकडचा बोलला ते अलीकडच्याने पुन्हा म्हणायचे. शालेय नाट्यछटांमध्ये याचा सुळसुळाट असतो. मी बाईंना एवढेच सांगितले, की बाळूने दिलेली एकही बातमी तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. पुढच्या आठवड्यात त्यांनी हे आणले :

"हां, बोल… बरं… नाही, मी कुठे काय म्हणते. मखराचं सामान काढलं होतं माळ्यावरून, ते चढवून ठेवते परत… अरे नाही, मी नाही चढत, शेजारचा पोरगा आहे… बरं… वहिनीला दे ना जरा… झोपली? आत्ता, सात वाजता?… बरं. असू दे."

येणार नाही, रजा नाही, यातले काहीच इथे नाही. पण मखर दर वर्षी बाळूच करतो हे कळते, नणंद-भावजयीत काही बिनसले आहे हेही कळते. आणि बाळू कसा बोलत असेल? घाईघाईने, एकेका गोष्टीला दोन-दोन कारणे देत, मध्येच बहिणीच्या गुडघ्यांची चौकशी करत. सातारकरांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आधी बाळूला असा गप्प ठेवून ऐका. मग त्याला बोलू द्या. तो तुमच्यासारखा बोलणार नाही.

हाच मजकूर मी वर्गातल्या तिघांना वाटून दिला : एकाने कथा करायची, एकीने एकांकिका, एकाने कविता. कथा करणाऱ्याने पहिल्या झटक्यात 'तिच्या डोळ्यांत पाणी तरळले' असे लिहिले. ते मी खोडायला लावले. मग तो फोन ठेवल्यानंतरच्या अर्ध्या तासाकडे वळला, आणि थर्माकोलच्या जुन्या खांबावर त्याला बाळूच्या हातची पेन्सिलची मापे सापडली. एकांकिका करणारीने शेजारच्या पोराला फोन चालू असतानाच खोके घेऊन मंचावर उभे केले. त्याच्यादेखत बोलायचे म्हणून बहिणीचे प्रत्येक वाक्य आवरते झाले. कविता करणाऱ्या मुलाने सगळे टाकून फक्त तीन 'बरं' ठेवले आणि प्रत्येकाखाली तिच्या हातांची एकेक हालचाल. मला तिन्हींत ती कविता सर्वांत आवडली, जरी दुसरी ओळ अजून कच्ची होती.

कथेचा शेवट पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर दहा ओळींचा एक फोन लिहा. पडसाद नको. लिहून झाला की घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा : पलीकडे कोण आहे, त्याचे वय काय, आणि फोन ठेवायची घाई कोणाला झाली आहे?