हळद वाशिमची, शेपूही इथलाच

व्हिएतनाममधल्या हनोईचा 'छा का' करायला मुख्य मसाला रिसोड-वाशिमच्या बाजारातच मिळेल: हळद. माशाच्या तुकड्यांना हळद आणि आल्याच्या कुळातलं गलांगल लावून मुरवतात, भाजतात. मग तेलात शेपू आणि कांद्याच्या पातीसोबत परततात. आपल्याकडे पोरं ज्या शेपूला नाक मुरडतात, तो तिथे मूठमूठ पडतो! सोबत तांदळाच्या शेवया, शेंगदाणे. हनोईत या पदार्थाच्या नावाची गल्लीच आहे.

व्हिएतनामच्या दक्षिणेकडचं 'बान सेओ' म्हणजे तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि हळदीचं धिरडं. आत कोळंबी, डुकराचं मांस, मोड आलेले मूग. शाकाहारी घरात टोफू घालावा, सोयाबीन तर इथल्या शेतातलंच. अडतं फक्त 'नुओक माम'पाशी. मीठ लावलेली छोटी मासळी महिनोन्‌महिने मुरवून काढलेल्या या रसाची चव सोया सॉसला येत नाही.