गळतीचा उगम कसा शोधावा?

कुर्ल्यात तयार झालेल्या फियाट ११००सारख्या जुन्या मोटारीच्या गिअरबॉक्सखाली तेलाचा थेंब पडतो, तेथेच गळतीचा उगम असतो असे नव्हे. धावत्या गाडीखालचा वारा तेलाला मागे रेटीत असल्यामुळे शोध डागाच्या पुढे व वर घ्यावा.

प्रथम तेलाची जात ओळखावी: गंधकासारखा उग्र दर्प गिअर ऑइलचा, तर काळे व पातळ ते बहुधा इंजिन ऑइल. नंतर गिअरबॉक्स रॉकेलने स्वच्छ धुऊन, कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी थोडी फिरवून आणावी. शुभ्र थरावर उमटलेली ओली रेघ मूळ स्थान दाखविते.

सील बदलण्याचा हुकूम देण्यापूर्वी गिअरबॉक्समधील हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरचे छिद्र अवश्य तपासावे. ते चिखलाने बुजले असता आतील तप्त हवेचा दाब निर्दोष सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.