आकडी आणि चेतापेशींची दारे : पहिली पाच मिनिटे

अपस्माराच्या रुग्णास आकडी आली, की अनेक घरांत अजूनही कांदा वा चप्पल हुंगविली जाते आणि आकडी लांबल्यावरच रुग्णालयाची वाट धरली जाते. या विलंबामुळे पुढे औषधाचाही गुण का येईनासा होतो, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

चेतापेशीच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांपैकी ‘गाबा-ए’ ग्राही हे दार पाच प्रथिन-घटक वर्तुळाकार जुळून बनते. मधोमध आयनांचा मार्ग असतो. शेजारच्या पेशीने सोडलेल्या ‘गाबा’ या रसायनाचे दोन रेणू ठरावीक जागी बसले, की मार्ग उघडतो, क्लोराइडचे ऋणभारित आयन आत शिरतात आणि पेशीची उत्तेजना शमते. रेणू सुटताच दार मिटते. हा सारा व्यवहार काही मिलिसेकंदांचा असतो. अशा एकेका दाराची उघडझाप मोजण्याची रीत एर्विन नेहर व बर्ट साकमान यांनी १९७६ साली बेडकाच्या स्नायूवर दाखविली; त्याबद्दल त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आकडीत असंख्य चेतापेशी एकाच वेळी अनावर उत्तेजित होतात. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम ही औषधे याच ग्राहीवर निराळ्या जागी बसतात. ती स्वतः दार उघडीत नाहीत. गाबाकरवी ते अधिक वेळा उघडेल, असे करतात.

परंतु आकडी चालूच राहिली, तर पेशी हे ग्राही आवरणावरून आत ओढून घेऊ लागते. दारच उरले नाही, तर औषधाने काम करावे कोठे? उलट, उत्तेजना वाढविणारे ‘एनएमडीए’ ग्राही पृष्ठभागावर वाढतात. म्हणूनच प्रारंभी एका मात्रेने थांबू शकणारी आकडी पुढे अनेक औषधांनाही दाद देत नाही. सर्वांगास झटके देणारी आकडी पाच मिनिटांत न थांबल्यास तातडीचे उपचार सुरू करावेत आणि तीस मिनिटांपुढे मेंदूस कायमची हानी होण्याचा धोका असतो, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१५ साली निश्चित केले.

आकडी येताच घड्याळ पाहावे, रुग्णास कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. तोंडात चमचा, पाणी वा औषध घालू नये. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकात मारावयाचा फवारा लिहून दिला असल्यास तो सांगितल्याप्रमाणे द्यावा. पाच मिनिटांत आकडी न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयातील औषधाला यश येणे हे घरातील या पाच मिनिटांवर फार अवलंबून असते, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.