गाडी ओव्हर झाली

पेट्रोलचा वास आला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. जानेवारीतली सकाळ, नाशिकची थंडी, आणि बाबांची जुनी, कार्बोरेटरवाली मारुती ८०० काही केल्या सुरू होईना. चोक पूर्ण ओढलेला. मी सेल्फ मारत होते आणि दर खेपेला ॲक्सिलरेटर चार-पाचदा दाबत होते. इंजिन दोनदा फुरफुरलं, मग तेवढंही बंद झालं. सेल्फचा आवाज जड होत चालला. कोपऱ्यावर गॅरेज असलेले मेस्त्री दूध घेऊन घरी निघाले होते. ते बॉनेटपाशी गेलेसुद्धा नाहीत. खिडकीशी वाकले, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, पाय काढा आधी. ओव्हर झालीय."

इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलं की गॅरेजात गाडी 'ओव्हर' होते. शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण पेट्रोल जास्त आहे तर मग पेटत का नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

पातळ पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळली तरच. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे सुमारे ९,००० लिटर. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्याही खाली असेल तर ठिणगी पडून उपयोग नाही, आणि साडेसात टक्क्यांच्या वर गेली तरी नाही. माझ्या इंजिनात पेट्रोल भरपूर होतं, कमी पडत होती हवा.

थंडीत हा हिशेब फार लवकर बिघडतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे. गार इंजिनात त्यातला हलका भाग तेवढा उडतो, उरलेलं थेंबांच्या रूपात आतल्या भिंतींना चिकटून राहतं. म्हणून चोक ओढायचा: हवेची वाट आवळली जाते, पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि त्यातून पेटण्यापुरती वाफ मिळते. इंजिन लागलं तर त्याच्या उष्णतेने बाकीचं पेट्रोलही उडून जातं. नाही लागलं तर ते तिथेच साचतं, आणि पुढच्या सेल्फला त्यात भर पडते. त्यात कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो पेट्रोलची पिचकारी आत सोडतो, इंजिन बंद असलं तरी. मी पंधरा-वीस वेळा तरी दाबला असेन.

मेस्त्री दूध घरी ठेवून, प्लग-पाना घेऊन परत आले. पहिलं काम त्यांनी केलं ते इग्निशन कॉइलची मुख्य वायर काढून बाजूला ठेवण्याचं. प्लग काढल्यावर सेल्फ मारला की भोकांतून पेट्रोलचा फवारा उडतो. तिथे एक ठिणगी पडली तर काय होईल, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. शेजारचे काका बघायला आले, त्यांनाही त्यांनी लांब उभं केलं.

तिन्ही प्लग ओले, काळे. एक त्यांनी माझ्या हातात दिला. टोकाशी जेमतेम पाऊण मिलिमीटरची फट, आणि मधल्या पांढऱ्या चिनी मातीवर पेट्रोल आणि काजळीचा थर. "करंटला सोपी वाट मिळाली ना, तो उडी कशाला मारेल?" ते म्हणाले. ओल्या काजळीवरून करंट सरळ प्लगच्या अंगात उतरतो, फटीत ठिणगी पडतच नाही. शिवाय पातळ पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, त्यामुळे कॉम्प्रेशन उतरतं. तोवर बॅटरीही थकलेली असते. एकदा ओव्हर झालेली गाडी आणखी ओव्हर होत जाते ती यामुळे.

प्लग ब्रशने घासून, पुसून त्यांनी घरात नेले आणि गॅसवर शेकले. इकडे मला सांगितलं, चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर तळाला टेकवा आणि तसाच धरा, पंप करू नका. सेल्फच्या दोन दमांत आतला ओलावा बाहेर फेकला गेला. गरम प्लग बसले, वायर लागली, आणि गाडी काळा धूर सोडत सुरू झाली.

दुसऱ्या सकाळी मी ॲक्सिलरेटरला पायसुद्धा लावला नाही, तरी तोच वास. आता मेस्त्रींनी कार्बोरेटरच उघडला. आतल्या पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट कानाशी धरून हलवला. त्याला भोक पडलं असेल तर आत शिरलेलं पेट्रोल वाजतं. वाजलं नाही. मग नीडल उन्हात फिरवली, आणि तिच्या टोकावर झिजेची बारीक गोल रेघ दिसली. फ्लोट वर आला की या टोकाने पेट्रोलची वाट बंद व्हायची, ती पुरती बंद होत नव्हती. मी आदल्या दिवशी घाई केली हे खरं, पण मूळ दुखणं हे होतं. ओव्हर झालेल्या गाडीचे नुसते प्लग सुकवून पैसे घेणारे पुष्कळ भेटतात. नीडल उघडून पाहणारा मेस्त्री मला जास्त मोलाचा वाटतो.

इंजेक्शनच्या गाड्यांत फ्लोटही नाही आणि नीडलही नाही, तरी त्या ओव्हर होतात. सगळ्यात साधं कारण म्हणजे गार गाडी सुरू करून चार फूट मागे घ्यायची आणि लगेच बंद करायची. गार इंजिनासाठी सोडलेलं जादा पेट्रोल न जळता आत राहतं. तापमानाचा सेन्सर बिघडला किंवा इंजेक्टर गळू लागला तरी तेच. अशा बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर तळाला दाबून सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा आत जाते. एका वेळी पाच-सात सेकंदच मारा, मध्ये थांबा.

आणि गाडी सुरू झाली म्हणून लगेच निघू नका. ऑइलची काडी काढून वास घ्या. सिलिंडरमधून झिरपलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्येच जातं आणि ऑइल पातळ होतं. आमच्या काडीला तो वास होता. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी हलवू नका.