रुग्णाबरोबर घरही मुक्कामाला

गडचिरोली शहरातून धानोऱ्याच्या रस्त्याने सुमारे १७ किलोमीटर गेल्यावर, चातगावजवळ, ‘शोधग्राम’ लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘सर्च’ या संस्थेचा हा परिसर. ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ याच आवारात आहे. शहरी माणूस दवाखाना म्हटल्यावर जी मजल्यांची इमारत शोधतो, ती इथे नाही. झाडांमध्ये विखुरलेल्या बैठ्या झोपडीवजा खोल्या दिसतात, आणि तेच इथले वॉर्ड आहेत.

ही रचना कुणा वास्तुविशारदाची हौस म्हणून झालेली नाही. दवाखाना बांधण्याआधी आसपासच्या गोंड गावांतल्या लोकांना विचारण्यात आले, की आजारी पडल्यावर तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही? उत्तरे साधी होती. तिथली इमारत एवढी मोठी असते, की आत माणूस हरवतो. कुठल्या खिडकीवर केस पेपर काढायचा आणि कुठल्या दारात उभे राहायचे, ते कळत नाही. बोलली जाणारी भाषा आपली नसते. रुग्णाला आत घेतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. पांढरे कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो, मग तिथे माणूस बरा कसा होणार? आणि तिथे देव नाही.

अशा उत्तरांवर ‘अंधश्रद्धा’ असा शिक्का मारून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पण नीट पाहिले तर यातल्या बहुतेक तक्रारी पुण्या-मुंबईचा माणूसही शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून बाहेर पडताना करतोच. फरक इतकाच, की त्याला दुसरीकडे जायला पर्याय असतो. गडचिरोलीत पर्याय म्हणजे गावातला पुजारी, नाहीतर काहीच नाही. हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला आणि त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. पावसाळ्यात नाले भरले की कित्येक गावांचा रस्ता तुटतो. अशा वेळी दवाखाना गाठणे हाच मोठा खटाटोप. तिथे पोचल्यावर परके वाटणार असेल, तर माणूस निघतच नाही.

मग लोकांनी सुचवले तसा दवाखाना झाला. पांढऱ्या कोटाचा आग्रह सुटला. नाव देवीचे घेतले. दंतेश्वरी ही बस्तरची देवी. तिचे प्रसिद्ध मंदिर पलीकडच्या छत्तीसगडात दंतेवाड्याला आहे आणि सीमेच्या अलीकडचे लोकही तिला मानतात. पण सर्वांत मोठा बदल नातेवाइकांच्या बाबतीत झाला. इथे रुग्ण एकटा दाखल होत नाही. त्याची बायको, म्हातारी आई, अंगावरचे पोर अशी सगळी मंडळी त्याच्याबरोबर मुक्कामाला राहतात. भेटीची वेळ नावाचा प्रकारच उरत नाही, कारण भेटायला येणारी माणसे आधीपासूनच आत असतात.

रुग्णालयशास्त्राच्या पुस्तकात ही सोय बसणार नाही. पसरलेल्या झोपड्यांमुळे परिचारिकेची पायपीट वाढते. माणसांची वर्दळ असली की स्वच्छतेकडे आणि संसर्गाकडे जास्त लक्ष द्यावे लागते. शस्त्रक्रियागृह मात्र झोपडीत भागत नाही. ते आधुनिकच लागते आणि इथेही ते तसेच आहे. ठरावीक काळाने बाहेरचे तज्ज्ञ येऊन शस्त्रक्रियांची शिबिरे घेतात. मणक्याच्या अवघड शस्त्रक्रियाही त्यांत होतात. आयुष्यभर रोवणी करणाऱ्या आणि डोक्यावरून सरपणाचे भारे वाहणाऱ्या माणसांची कंबर किती झिजते, हे शहरात बसून लक्षात येत नाही.

एरवी दवाखान्यात येणारे आजार जंगलपट्टीचेच असतात. हिवताप, त्यातही मेंदूपर्यंत जाणारा फॅल्सिपॅरम, साप चावलेले शेतकरी, सिकलसेलची मुले, न्यूमोनियाने छाती उडणारी बाळे. दारू सोडवण्यासाठीही माणसे आणली जातात. बायकांच्या दुखण्यांनी तर या कामाला सुरुवातीपासूनच वळण दिले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून बंग दांपत्याने जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले: ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी तर कसली तक्रारच सांगितली नव्हती. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे बाईच्या जन्माला आलेच, असे धरून त्या चालत होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा सरकारी विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे फारसा जात नव्हता.

तरीही उत्तम दवाखाना उभा करून बाळे वाचत नाहीत, हेही इथेच कळले. नवजात बाळाची प्रकृती काही तासांत बिघडते. बाळंतीण आणि बाळाला घराबाहेर काढायचे नाही हा रिवाज असतो, आणि काढायचे ठरले तरी वाहन कुठून आणणार? त्यामुळे उपचारच झोपडीपर्यंत न्यायचे ठरले. त्यासाठी तयार झालेले एक साधन पाहण्यासारखे आहे. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे त्याच्या श्वासाच्या वेगावरून ओळखता येते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास पडले, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा अधिक, तर धोका समजायचा. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? तिच्यासाठी मण्यांची पाटी केली. शेजारी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. मण्यांच्या दोन ओळी, दोन वयोगटांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजून औषध सुरू. वाचता न येणाऱ्या बाईने केलेले हे निदान विश्वासार्ह ठरले, आणि गावपातळीवर न्यूमोनियावर उपचार केल्याने बालमृत्यू घटतात हे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले.

पुढची पायरी नवजात बाळांची. ३९ गावांतल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास गुदमरला तर तो सुरू करणे आणि जंतुसंसर्ग दिसताच जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही त्यांची कामे. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन द्यायचे, ही गोष्ट अनेक डॉक्टरांच्या पचनी पडणारी नव्हती. आकड्यांनी तो वाद निकालात काढला. दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तीन वर्षांत ते प्रमाण २५ च्या घरात आले. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये भारत सरकारने घरोघरच्या नवजात बालसेवेचा देशव्यापी कार्यक्रम आखला. आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही. या वेळापत्रकाची मुळे गडचिरोलीच्या त्या ३९ गावांत आहेत.

गडचिरोलीत ही वाट एकट्या ‘सर्च’ची नाही. भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून माडिया गोंडांना सेवा देत आहे. तिथेही लोकांनी येऊ लागावे यासाठी बराच काळ थांबावे लागले. उपचार उपलब्ध असूनही रुग्ण येत नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखा.

शोधग्रामातले सगळेच सरकारी ग्रामीण रुग्णालयांना जमणार नाही. तिथे बदलीचे डॉक्टर असतात, पदे रिकामी असतात, वर अहवालांचा रगाडा. पण रुग्णासोबत आलेल्यांना मुक्काम आणि चूल यांसाठी निवाऱ्याची जागा, गोंडी किंवा कोरकू बोलणारी एक ताई दारातच बसलेली, आणि आईला बाळाजवळून न उठवण्याची ताकीद, एवढे करायला संशोधन लागत नाही की मोठा निधी. नव्या ग्रामीण रुग्णालयाचा नकाशा मंजूर करणाऱ्यांनी आधी त्या तालुक्यातल्या चार गावांत जाऊन लोकांना विचारावे, आणि ज्यांना गडचिरोलीपर्यंत जाणे शक्य आहे त्यांनी शोधग्राम एकदा जरूर पाहून यावे.