संकटाआधीची बैठक

जालना जिल्ह्यात पावसाळा सरला की सरकारी कचेऱ्यांत टंचाई आराखड्याचे काम सुरू होते. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे असतात. कोणत्या गावात खासगी विहीर अधिग्रहित करायची, कुठे विंधन विहीर घ्यायची, कुठली नळयोजना तात्पुरती दुरुस्त करायची आणि कुठे टँकर लावायचा, याची गाववार यादी आणि खर्चाचा अंदाज त्यात मांडलेला असतो. हा आराखडा हवाच. तो नसता तर मराठवाड्यातले कित्येक उन्हाळे याहून भीषण गेले असते. पण पाणी आटण्याआधी गावाने आपसांत काय ठरवले होते, ही बाब त्यात कुठेच येत नाही. किती उपसा करायचा, कोणते पीक घ्यायचे, पिण्याच्या विहिरीशेजारी नवे बोअर घेणाऱ्याला कोणी अडवायचे, हे ठरवणारी बैठक गावात झाली होती का आणि तिथे ठरलेले पाळले गेले का, यावरच एप्रिलमध्ये टँकर लागणार की नाही हे बहुतांशी ठरते. आपत्तीची तयारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बोटी, दोरखंड, नियंत्रण कक्ष आणि दूरध्वनी क्रमांकांची यादी येते. जालन्याचा अनुभव सांगतो की तयारी ही मुळात कारभाराची बाब आहे. सुगीच्या दिवसांत नियमित बसणारी, हिशेब ठेवणारी आणि आपल्याच भावकीतल्या माणसाला नकार देऊ शकणारी समिती जिथे असते, तिथे संकट आले तरी त्याची धार कमी होते.

हे गावपातळीवरच का घडते, याचे कारण आधी पायाखालच्या खडकात शोधावे लागते. जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्याही आत आणि जमिनीखाली बेसाल्टचा काळा पाषाण. हा खडक पाणी साठवतो ते भेगांत आणि झिजलेल्या मुरमाच्या थरांत, म्हणजे थोडेच. एका चांगल्या पावसात तो भरतो आणि हिवाळ्यातल्या बेसुमार उपशाने मार्चच्या आत रिकामाही होतो. मागच्या वर्षीची शिल्लक पुढच्या वर्षाला फारशी पुरत नाही. त्यामुळे एकाच मंडळातल्या, एकाच पावसाच्या दोन शेजारी गावांची उन्हाळ्यातली अवस्था अगदी वेगळी असू शकते. दुष्काळ आभाळातून येतो हे खरे, पण त्याची तीव्रता शिवारात ठरते. १९७२ च्या दुष्काळात अन्न आणि रोजगार हे मुख्य प्रश्न होते आणि राज्याने रोजगार हमीतून त्यांना उत्तर दिले. २०१२-१३ मध्ये धान्य होते, रस्ते होते, पाणी मात्र नव्हते. राज्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता आणि वर्षानुवर्षे जपलेल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांना डोळ्यांदेखत वाळताना पाहाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने पहिल्या टप्प्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हाही जिल्ह्यातल्या आठपैकी पाच तालुके त्या यादीत होते.

त्याच जिल्ह्यातले कडवंची हे गाव २०१२-१३ मध्ये राज्यभर चर्चेत आले, कारण तिथल्या द्राक्षबागा उभ्या होत्या. त्याचे श्रेय सहसा शेततळ्यांना दिले जाते. माझ्या मते खरी गोष्ट शेततळ्यांच्या बऱ्याच आधी सुरू होते. १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, नाबार्डच्या साहाय्याने, कडवंचीत अठराशे हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर माथा ते पायथा असे काम झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन त्यामागे होते. या कार्यक्रमाची रचना नीट पाहिली पाहिजे. पैसा आधी आणि लोक नंतर, असा तिचा क्रम नव्हता. गावाने प्रथम श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, ग्रामसभेतून पाणलोट समिती निवडायची आणि मग निधी मिळवायचा. समितीत वेगवेगळ्या वस्त्यांची माणसे असावीत आणि कामाचा हिशेब गावासमोर मांडला जावा, असा आग्रह होता. म्हणजे पहिला बांध पडण्याआधीच गावाला एकमेकांचे हितसंबंध तोलायची सवय लागत होती. ज्याची शेळी माळावर चरते आणि ज्याचे शेत पायथ्याशी आहे, त्यांच्यातला तिढा समितीच्या बैठकीत सुटत होता. चराईबंदीचा बोजा भूमिहीन शेळीपालकावर पडतो आणि वाढलेल्या पाण्याचा लाभ विहीरवाल्याला होतो. हा असमतोल चर्चेला घेतला नाही तर बंदी दोन महिनेही टिकत नाही. सहा वर्षे हे काम चालले याचाच अर्थ तिथे काही एक कारभार रुजला. २०१२ साली पावसाने दगा दिला तेव्हा गावाने नवे काही शोधून काढले नाही. मुरलेले पाणी होते, कृषी विज्ञान केंद्राशी रोजचा संबंध होता, कोणत्या बागेला किती पाणी द्यायचे याचा सराव होता. तयारी झालेलीच होती. ती दुष्काळाच्या नावाने झालेली नव्हती, एवढेच.

जपानमधल्या कोबे शहराचा दाखला इथे जुळतो. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर तिथे जागोजागी आगी लागल्या. नागाता विभागातल्या मानो या वस्तीत रहिवाशांनी हातोहात बादल्या देत आग रोखण्याचा प्रयत्न केला आणि पुढे मदतीचे वाटपही स्वतः लावले. या वस्तीची संघटना भूकंपासाठी उभी राहिलेली नव्हती. ती कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध १९६० च्या दशकात सुरू झाली आणि पुढे बागा, घरे, वृद्धांची सोय अशी साधी कामे करत राहिली. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या शेकडो गावांत महिलांनी संवाद सहायक म्हणून घरदुरुस्तीच्या कामाची माहिती घरोघरी पोचवली, कामावर नजर ठेवली आणि त्यातून बचत गट, आरोग्य, पाणी अशी पुढची कामे हाती घेतली. क्रम उलटा आहे, निष्कर्ष तोच. केवळ आपत्तीसाठी नेमलेली समिती कागदावर राहते, कारण तिला उरलेले दहा महिने काम नसते. आपल्याकडे ग्राम आपत्ती व्यवस्थापन समित्यांची हीच गत होते. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका यांची नावे आराखड्यात छापलेली असतात, पण ती सगळी माणसे त्या समितीची म्हणून एकत्र बसत नाहीत.

शहरात हा प्रश्न अधिक अवघड आहे. जालना शहराला घाणेवाडीच्या जलाशयातून उताराने, विजेशिवाय पाणी येत असे. निजामाच्या राजवटीत बांधलेला हा तलाव गाळाने भरत गेला आणि शहर वाढत गेले. २०१२-१३ च्या टंचाईत इथल्या कुटुंबांना नळाची वाट पाहत आठवडेच्या आठवडे काढावे लागले आणि खासगी टँकरवर पैसे मोजावे लागले. त्या काळाच्या आगेमागे घाणेवाडी जलसंरक्षण मंचाने नागरिक आणि उद्योजकांच्या वर्गणीतून गाळ काढण्याचे काम नेटाने केले आणि शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या शेतांत नेऊन टाकला. पुढे २०१७ मध्ये राज्याने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मंचाचे काम मोलाचे आहे, पण मंच म्हणजे वस्तीचा कारभार नव्हे. तलावात किती पाणी आहे हे मंच पाहू शकतो. कोणत्या मोहल्ल्यात व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, शेवटच्या गल्लीत पाणी का पोचत नाही, हे पाहायला त्या गल्लीतल्या माणसांना अधिकृत जागा हवी. ती कायद्याने जवळजवळ ठेवलेलीच नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांना प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. २०११ च्या जनगणनेत जालन्याची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांच्या आसपास होती, म्हणजे सक्ती थोडक्यात हुकली. २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. पण महानगरपालिकांच्या कायद्यातली प्रभाग समितीसुद्धा मुख्यतः नगरसेवकांची असते. बाहेरचे सदस्य जास्तीत जास्त तीन आणि तेही संस्थांचे प्रतिनिधी. मतदान केंद्रांच्या पातळीवर मतदारांची क्षेत्रसभा भरवण्याची तरतूद राज्याने २००९ साली कायद्यात घातली, ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. दरम्यान आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती होऊन महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमता येईल, असे ठरले. त्याचे प्रमुख आयुक्त. जालन्याला हे दार आता उघडे आहे. मात्र त्या प्राधिकरणाखाली क्षेत्रसभा नसतील तर जिल्हाधिकारी कार्यालयातला आराखडा महापालिकेच्या इमारतीत जाईल, एवढाच फरक पडेल.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की मोठी आपत्ती गावाच्या आवाक्याबाहेरची असते. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या घरात विसर्ग झाला आणि अंबड, घनसावंगी तालुक्यांतल्या गोदाकाठच्या लोकांना हलवावे लागले. धरणाचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे हे कोणत्याही ग्रामसभेच्या हाती नसते. मान्य. पण दरवाजे उघडल्यावर पाणी गावापर्यंत पोचायला काही तास लागतात आणि ते तास गावाचे असतात. इतक्या क्युसेकला आपल्या शिवारात पाणी नेमके कुठवर येते, याची खूण पाराच्या किंवा शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आहे का? चालता न येणारे म्हातारे, दिवस भरत आलेल्या बाया, नदीकाठच्या मळ्यात एकटी राहणारी कुटुंबे यांची यादी कोणाजवळ आहे? गुरे कोणत्या उंचवट्यावर न्यायची आणि कोणाच्या वाड्यातला कडबा त्यांना घालायचा? गुरांची सोय झाली नाही तर शेतकरी घर सोडत नाही, हे कुठल्याही पोलीस पाटलाला ठाऊक असते. क्युसेकचा आकडा मोबाइलवर सगळ्यांनाच येतो. त्याचा आपल्या गल्लीसाठी अर्थ लावणे हे काम वरून होऊ शकत नाही. २००५ च्या कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि सहअध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे दिले आहे. ही रचना योग्यच आहे, पण तिची शेवटची पायरी भक्कम नसेल तर वरचा आदेश खाली येईपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. गावाच्या हाती कारभार देणे म्हणजे अनेकदा गावातल्या बलवानांच्या हाती देणे. ज्याची जमीन, ज्याची जात, ज्याचे भाऊबंद जास्त, त्याचीच समिती आणि त्याच्याच विहिरीजवळ बंधारा. हा आक्षेप कडवंचीच्या यशालाही लागू पडतो. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली शेततळी सगळीकडे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरत नाहीत. पुष्कळदा ती विहिरी आणि बोअर उपसून भरली जातात. जमिनीखाली सगळ्यांचे असलेले पाणी वर येऊन एकाचे होते आणि त्यातले बरेच उन्हाने उडून जाते. ज्याला तळ्यापुरती जमीन नाही त्याच्या वाट्याला फक्त खोल जाणारी विहीर येते. राज्यभरातल्या अभ्यासकांनी या प्रकारावर केलेली टीका रास्त आहे आणि कडवंचीचे कौतुक करणाऱ्यांनी ती टाळू नये. पण त्यावर उपाय काय? तलाठ्याने येऊन प्रत्येक मोटारीचे तास मोजणे शक्य नाही. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर नको, असा नियम १९९३ पासून आहे. भूजलाचा नवा, अधिक व्यापक कायदा २००९ साली मंजूर झाला, २०१४ मध्ये लागू झाला आणि त्यात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूदही आहे. तरी बोअर पडतच राहिले, कारण तक्रार करणाऱ्याला पुढे त्याच गावात राहायचे असते. बलवानाला आवर घालायचा तर समिती मोडून चालणार नाही, ती रुंद करावी लागेल. भूमिहीनांच्या आणि महिलांच्या जागा ठरलेल्या हव्यात, उपशाचे आणि पातळीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले हवेत आणि समितीचा निर्णय मोडणाऱ्यावर तहसीलदाराने ठराविक मुदतीत कारवाई करणे बंधनकारक हवे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने गावसमित्यांत भूमिहीन आणि महिलांना स्थान दिले, ही दिशा बरोबर आहे. पण प्रकल्प संपला की समितीही संपते, ही आपली जुनी खोड मोडायला हवी. त्यासाठी वित्त आयोगाच्या अनुदानासारख्या नियमित निधीतला एक हिस्सा या समितीच्या खात्यावर दरवर्षी आला पाहिजे, मग तो कितीही लहान असो.

अशा मागणीतून सरकार आपली जबाबदारी गावावर ढकलून मोकळे होईल, ही भीतीही अनाठायी नाही. लोकसहभागाच्या नावाखाली लोकांकडून वर्गणी आणि श्रम घ्यायचे आणि निधी कापायचा, असे घडलेले आहे. म्हणून अधिकार आणि पैसा सोबत आल्याशिवाय समितीवर कोणतेही कर्तव्य लादू नये, इतका स्पष्ट आग्रह गावांनी धरला पाहिजे. टँकर ही सरकारची जबाबदारी आहे आणि राहील. तो लागू नये यासाठी निर्णय घेण्याचा हक्क गावाचा असावा.

आणि एक अडचण खास आपल्याकडची. घनसावंगी, मंठा, अंबड या भागांतून दसऱ्यानंतर कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाण्याचे निर्णय जानेवारीच्या ग्रामसभेत झाले तर ज्यांना टंचाई सर्वाधिक भोगायची आहे, नेमके तेच गैरहजर असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळा संपताच मोजते आणि संभाव्य टंचाईचा अंदाज त्यावरच बांधला जातो. हे आकडे तालुक्याच्या कचेरीत जातात तसे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्रत्येक गावापुढे आले, तर किती पाणी आहे, रब्बीत काय पेरायचे, कोणत्या विहिरी पिण्यासाठी राखून ठेवायच्या आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पाणी कोण भरून देणार, हे त्याच दिवशी ठरू शकेल. तोडणीला जाणाऱ्या बहुतेक गाड्या तेव्हा अजून गावातच असतात.