पडलेल्या झाडाचं भांडं

मुंबई-पुण्यात पहिल्या वादळी पावसानंतर रस्त्यावर आडव्या झालेल्या झाडांमध्ये वर्षावृक्ष हमखास असतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा वृक्ष आपल्याकडे सावलीसाठी लावला गेला. मुंबईतले कितीतरी वर्षावृक्ष तर पिठ्या ढेकणांमुळे उभ्या उभ्या वाळले. झाड पडलं की यांत्रिक करवत येते, ओंडके होतात, रस्ता मोकळा होतो आणि बरंचसं लाकूड जळणाच्या वाटेला लागतं. हवाईत हेच लाकूड ‘मंकीपॉड’ म्हणून ओळखलं जातं. तिथे आणि फिलिपाइन्समध्ये त्याची कातीव भांडी आणि थाळे होतात आणि पर्यटक ते हौसेनं घरी नेतात. झाड तेच, गाभ्याचा तपकिरी रंग तोच. तिथे त्याचं भांडं होतं, इथे राख होते.

घरी छोटा लेथ, म्हणजे कातयंत्र, बसवून हौसेनं लाकूड कातणाऱ्यांची संख्या आपल्याकडेही हळूहळू वाढते आहे. त्यांतले बहुतेक जण वखारीतून सागाचा कोरडा, चौरस तुकडा आणून सुरुवात करतात. साग उत्तमच आहे; पण या छंदाचं खरं धन आपल्या गल्लीत पडलेल्या ओल्या लाकडात आहे, असं माझं ठाम मत आहे. हे लाकूड स्वस्त असतं आणि कातायला मऊ लागतं. शिवाय ते अशा कितीतरी जातींचं मिळतं, ज्या वखारीत कधी दिसतच नाहीत. अडचण एकच असते. ते तडकतं.

ते का तडकतं, हे समजलं की निम्मं कातकाम समजलं. ताज्या लाकडातल्या पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्यापासून जवळजवळ बरोबरीपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असू शकतं. यातलं काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळं असतं. ते निघून जाताना लाकूड हलकं होतं, पण आकार बदलत नाही. ओलावा ३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी सुटू लागतं आणि तिथून आक्रसणं सुरू होतं. हे आक्रसणं सगळ्या दिशांना सारखं नसतं. खोडाच्या लांबीत ते ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे नसल्यासारखंच. मध्यापासून सालीकडे सरासरी ४ टक्के. आणि वलयांच्या वळणानं जवळजवळ त्याच्या दुप्पट, ८ टक्क्यांच्या आसपास. घेर जास्त आटतो आणि त्रिज्या कमी, त्यामुळे ओंडका कुठेतरी उकलल्यावाचून राहत नाही. चकतीसारख्या कापलेल्या खोडात सालीपासून मध्यापर्यंत पाचरीच्या आकाराची जी भेग दिसते, ती यामुळेच.

म्हणून पहिलं काम करवतीचं. ओंडका उभा चिरून दोन फाका करायच्या आणि मधोमध असलेला भेंड दोन्हीकडून काढून टाकायचा, कारण भेग बहुधा तिथूनच निघते. दोन्ही टोकांना लगेच मेण किंवा जाड ऑइलपेंट लावायचा. पाणी सर्वांत वेगानं टोकांतून उडतं आणि टोकं आधी सुकली की ती आधी फाटतात. ओंडक्याची लांबी हव्या त्या भांड्याच्या व्यासापेक्षा चार-पाच इंच जास्त ठेवली, तर फाटलेली टोकं नंतर छाटून टाकता येतात. ही काळजी पहिल्या दिवशीच घ्यावी लागते. ऊन लागलेल्या ओंडक्याचा पुढचा आठवडा फुकट जातो.

मग येतो या पद्धतीचा गाभा. भांडं दोनदा कातायचं. पहिल्यांदा ओलं असताना बाहेरचा आकार द्यायचा आणि आतून पोखरायचं, पण भिंत जाड ठेवायची. जाडीचा ठोकताळा व्यासाच्या एक दशांश, म्हणजे १० इंचांच्या भांड्याला १ इंचाची भिंत. हे प्रमाण कुठून आलं, ते हिशेब मांडला की कळतं. वाळल्यावर भांडं लांबीच्या दिशेला १० इंचच राहतं, आडव्या दिशेला मात्र सुमारे ९.२ इंचांवर येतं. आता ते लंबगोल झालेलं असतं. ते पुन्हा गोल करायचं, तर बाहेरचा व्यास ९.२ वर आणावा लागतो. आतली पोकळी लांब दिशेला ८ इंच आहे, तेव्हा तीही ८ पर्यंत गोल करावी लागते. उरते ती ०.६ इंचाची भिंत. पॉलिशपेपर आणि शेवटचा हात यांत थोडी जाऊनही भांड्याला पुरेशी जाडी राहते. सुरुवातीलाच अर्धा इंच ठेवला असता, तर आडव्या बाजूला भिंत जवळजवळ उरलीच नसती.

वर्षावृक्षाची खुबी इथे कळते. त्याचं आक्रसणं मध्यापासून सालीकडे २ टक्के आणि वलयांच्या दिशेला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, सरासरीच्या जवळपास निम्मं. त्यामुळे हे लाकूड ओलं असतानाच पातळ, शेवटच्या मापाचं कातलं तरी फारसं वाकत नाही आणि सहसा फुटत नाही. हवाईत त्याला मान मिळाला, त्याचं एक मोठं कारण हेच. नवशिक्यानं आपलं पहिलं ओलं भांडं या लाकडाचं करावं.

दोन कातण्यांच्या मधला काळ म्हणजे वाट पाहण्याचा. ओबडधोबड भांडं त्याच्याच ओल्या भुशासकट कागदी पिशवीत किंवा खोक्यात ठेवतात, म्हणजे पाणी हळूहळू निघतं. प्लास्टिकची पिशवी बंद करून ठेवली तर बुरशी येते. दर काही आठवड्यांनी वजन करून ते भांड्याच्या बुडाशीच पेन्सिलनं लिहावं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं. मात्र हवा कुठली, हे पाहायला हवं. रत्नागिरीच्या पावसाळ्यात वजन स्थिरावलेलं भांडं नागपूरच्या एप्रिलमध्ये पुन्हा आटू लागेल. देशावर आणि विदर्भात उन्हाळा सोसलेलं लाकूडच शेवटच्या कातण्यासाठी घ्यावं, हे परदेशी पुस्तकांत सापडणार नाही.

हे सगळं ज्यावर चालतं, तो लेथ माणसाच्या फार जुन्या यंत्रांपैकी एक. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यातल्या, इसवीसनापूर्वी सुमारे ३०० च्या चित्रात एक जण दोरी ओढतो आहे आणि दुसरा हत्यार धरून कातकाम करतो आहे. आपल्याकडचा कातारी जमिनीवर बसून धनुकलीनं किंवा दोरीनं लाकूड पुढे-मागे फिरवायचा आणि हत्यार एकाच दिशेच्या फेरीत चालवायचा. खाटांचे खूर, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब, रवी, लाटणी, भोवरे, कुंकवाचे करंडे, सगळं या पद्धतीनं निघायचं. घराघरांत वापरल्या गेलेल्या या वस्तू आणि त्यांच्यामागचा कारागीर, दोघांचीही नोंद आपण पुरेशी घेतली नाही, याची मला खंत वाटते.

युरोपात हेच काम एका टप्प्यावर राजेरजवाड्यांचा छंद झालं. रशियाचा पीटर द ग्रेट स्वतः लेथवर बसायचा. आंद्रेई नार्तोव हा त्याचा यंत्रकार होता. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मगुरूचा कातकामावरचा ग्रंथ १७०१ साली निघाला. आजच्या हौशी कातकामाचा मोठा विस्तार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ ही संघटना १९८६ मध्ये स्थापन झाली आणि डेव्हिड एल्सवर्थ तिचे पहिले अध्यक्ष होते. ओल्या लाकडाचं भांडं, सालीसकट ठेवलेली नैसर्गिक कड, वाकलेल्या आकाराचा मुद्दाम केलेला स्वीकार, हे सगळं याच काळात लोकप्रिय झालं.

हाताच्या कामाचा विचार आपल्या मातीतही झाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शाळा उभी करण्याची कल्पना मांडली आणि पुढे झाकिर हुसेन समितीनं तिचा आराखडा केला. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तोही काम करता करता शिकण्याच्याच भूमिकेतून. तरीही सुतारकामाच्या हत्याराला धार लावता येणारा पदवीधर आजही दुर्मीळ आहे. पालकांना मी इतकंच सांगेन की दहा-बारा वर्षांच्या मुलाला तुमच्या देखरेखीखाली भोवरा कातू द्या. कोनाचा अर्थ त्याला हातानं कळेल.

आता जातींविषयी. बाभूळ जड आणि चिवट असते, कातल्यावर सुरेख चकाकते. पण ती ओलीच कातावी, सुकल्यावर हत्याराची धार पटकन घालवते. जांभूळ चांगलं आहे, फक्त तडकण्याकडे कल असल्यानं टोकांना मेण लगेच हवं. चिंचेचा गडद गाभा फार देखणा, पण कठीण. आंबा सहज मिळतो, आणि काही महिने ओलसर जागी पडून राहिला तर बुरशीमुळे त्यात काळ्या रेषांची नक्षी उमटते. ही नक्षी वेळीच पकडावी लागते, उशीर झाला की लाकूड पोकळ भुसभुशीत होतं. गुलमोहर वादळात सर्वांत आधी पडतो, पण त्याचं लाकूड हलकं आणि कमकुवत. त्याच्यावर वेळ घालवू नये. शिसवाचा मोह प्रत्येकाला होतो. शिसव ज्या डॅल्बर्जिया गटातलं आहे, त्याच्या जवळपास सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार जानेवारी २०१७ पासून ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणात आहे, तेव्हा शिसवी भांडं परदेशी पाठवायचं असेल तर आधी नियम पाहावेत. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या राज्याच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आपोआप पडलेल्या झाडाचं लाकूडही सार्वजनिक जागेवरून उचलण्याआधी विचारावं. विचारलं की अनेकदा ओंडका मिळतो.

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द, आणि ते कळकळीनं. भांड्याचा इंचांतला व्यास आणि मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवावा, असा ठोकताळा आहे. म्हणजे १० इंचांच्या भांड्याला ६०० ते ९०० फेरे. ८०० फेऱ्यांना त्याची कड ताशी ३८ किलोमीटर वेगानं धावते. २,००० फेरे केले तर ताशी ९५ च्या पुढे जाते. ओंडका अजून गोल नसेल, तर त्याहून हळू सुरू करावं. तोंड पूर्ण झाकणारं कवच लागतंच. लेथवर हातमोजे, लांब बाह्या, ओढणी, मोकळे केस यांना जागा नाही. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये नोंदवलं आहे. सागाच्या धुळीनं काहींच्या अंगावर पुरळही येतं. बाल्कनीत काम करणाऱ्यानं मुखपट्टी आणि धूळ ओढणारा पंखा यांच्यावर लेथइतकाच खर्च करावा.

राहिला शेवटचा हात. भांड्याला शेंगदाण्याचं तेल लावू नये, ते सुकत नाही आणि काही दिवसांनी खवट होतं. जवसाचं तेल हवेशी संयोग पावून घट्ट होतं, म्हणून पातळ थर देऊन पुसून घेत सुकवावं. विदर्भात जवस पिकतो, त्यामुळे तेल मिळणं कठीण नाही. तेलानं भिजलेला बोळा गुंडाळून टाकला तर आपोआप तापून पेट घेऊ शकतो, तो पसरून वाळवावा.

झाकणाच्या करंड्यासाठी आणि कोरड्या वस्तूंसाठी लाख मला सर्वांत जास्त आवडते. कर्नाटकात चन्नपट्टणला काळ्या कुड्याचं फिकट, सारख्या पोताचं लाकूड लेथवर फिरतं असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर चढते आणि केवड्याच्या पानानं घासून तिला चकाकी आणतात. वेगळा ब्रश लागत नाही, सुकण्याची वाट पाहावी लागत नाही. काळा कुडा आपल्या सह्याद्रीतही आहे, आणि लाखेचा किडा ज्या पळसावर आणि कुसुमावर पोसतो, ती झाडं विदर्भाच्या जंगलांत आहेत. लाख उष्णता आणि मद्यार्क सोसत नाही, म्हणून गरम पदार्थाच्या भांड्याला ती नको. सावंतवाडीत चितार आळीच्या कारागिरांकडे कातून रंगवलेली लाकडी फळं, भाज्या आणि करंडे आजही मिळतात. त्यांची घोटून आणलेली चकाकी पाहिली की आपण कुठे कमी पडतो ते कळतं. घरी लेथ असणाऱ्यानं तिथला एखादा करंडा विकत घ्यावा, तो हातात फिरवून जोड कुठे आहे ते शोधावं. आणि कारागिराकडे वेळ असेल, तर एका दिवसाची रीतसर मजुरी देऊन त्याच्या शेजारी बसावं.